पहिला पावसाळा घर पाहण्यात घालवा
वडिलोपार्जित घर हाती येताच रंगारी बोलावण्याची घाई आपण करू नये, असे मला मनापासून सांगावेसे वाटते. कोल्हापुरातला एक पूर्ण पावसाळा घर नुसते पाहावे. ओल कुठून चढते, पागोळ्या कुठे पडतात, अंगणात पाणी कुठे साचते, हे वहीत टिपावे. भिंतीवर टिचकी मारल्यावर जिथे पोकळ आवाज येतो, तिथला गिलावा सुटलेला असतो आणि तो काढून पुन्हा केल्याशिवाय वरचा कोणताही रंग टिकत नाही. मी दसऱ्याला ओलसर भिंतीवर दिलेला रंग संक्रांतीपर्यंत पापुद्र्यांनी गळून पडला होता. कौले शाकारण्याचे काम वळवाच्या सरींआधीच उरकावे. पंचगंगेच्या २०१९ किंवा २०२१ च्या पुराचे पाणी आपल्या गल्लीत आले असेल, तर विजेचे बोर्ड वर घेणे हे सर्वांत पहिले काम समजावे.

घराच्या अंगणात आंबा लावायचा असेल, तर त्यासाठी एक मीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा मे महिन्यात खणून उन्हात तापू द्यावा, आणि मृगाचा पाऊस स्थिरावल्यावर कलमाचा जोड मातीच्या वर राहील अशा बेताने रोप लावावे. काळ्या मातीत पाणी धरून राहते, म्हणून बुंध्याशी थोडा उंचवटा ठेवावा.