कागदी फुलं एकेकटी छान, पण फुलदाणीत ताठ का दिसतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ताज्या फुलांच्या रचनेचे नियम माहीत आहेत, क्रेप कागदाची (बारीक चुण्यांच्या, ताणता येणाऱ्या कागदाची) फुलं सुटी छान जमतात, पण एकत्र ठेवली की सगळं ताठ आणि खोटं दिसतं. मग ताज्या फुलांचे नियम कागदाला लागू पडत नाहीत का?

पडतात, सगळेच पडतात. पण ताज्या फुलांच्या रचनेत निम्मं काम फूल स्वतःच करून देतं, हे आपल्या लक्षात येत नाही. दहा गुलाब हातात घेतले की त्यात दोन अर्धवट मिटलेले असतात, एकाची मान कललेली असते, एखाद्याची बाहेरची पाकळी हिरवट असते. ट्यूलिप तर कापल्यावरही पाण्यात वाढत राहतो आणि उजेडाकडे वळतो. कागद यातलं काहीच आपणहून करत नाही. एका साच्यावर कापलेली नऊ फुलं नऊच्या नऊ सारखीच राहतात. म्हणून कागदी रचनेत कामाचा क्रम उलटा हवा: आधी फुलदाणी आणि रचनेचा आराखडा, मग त्यातल्या एकेका जागेसाठी लागेल तसं फूल. बहुतेक जण आधी फुलं करून ठेवतात आणि नंतर ती कुठे बसवायची ते शोधतात. ताठपणाचं मूळ तिथेच आहे.

प्रमाणाचा नियम दोन्हीकडे तोच. उंच फुलदाणी असेल तर तिच्या तोंडाच्या वर दिसणारी रचना फुलदाणीच्या उंचीच्या साधारण दीड ते दोन पट. पसरट भांडं असेल तर उंचीऐवजी रुंदी धरायची. 20 सेंमी उंच फुलदाणीवर 30 ते 40 सेंमी. इकेबाना म्हणजे जपानी पुष्परचना, तिच्या सोगेत्सु परंपरेतलं मूळ माप इथे फार कामाला येतं. फुलदाणीची उंची आणि रुंदी यांची बेरीज करायची, तिच्या दीडपट पहिली रेषा (म्हणजे मुख्य फांदी), पहिलीच्या पाऊणपट दुसरी, आणि दुसरीच्या पाऊणपट तिसरी. 20 सेंमी उंच आणि 10 सेंमी रुंद भांड्याला 45, 34 आणि 25 सेंमी. उभ्या रचनेत पहिली रेषा उभ्या अक्षापासून 15 अंश कलते, दुसरी 45, तिसरी 75. या लांबीत भांड्याच्या आत जाणारा भाग धरलेला नाही. तो वेगळा मिळवायचा. इकेबाना करायचं नसलं तरी तीन नुसत्या तारा या मापाने खोचून बघा. रचनेचा सांगाडा पाच मिनिटांत समोर येतो, आणि कुठे केवढं फूल लागेल हेही कळतं.

सांगाडा उभा राहिला की कागदाचे चुरगळलेले गोळे तारेवर खोचून मोठ्या फुलांच्या जागा ठरवा. 10 सेंमी तोंडाच्या फुलदाणीला तीन मोठी फुलं (8 ते 10 सेंमी व्यासाची), पाच ते सात मधली (5 ते 6 सेंमी), आणि बाकी लहान फुलं, कळ्या, भरावाची फुलं (2 ते 3 सेंमी) एवढं पुरतं. आकारात असा ठळक फरक हवाच. 8, 7 आणि 6 सेंमीची फुलं शेजारी ठेवली तर ती लहानमोठी वाटत नाहीत, मापं चुकल्यासारखी वाटतात. विषम संख्येचा नियम सातपर्यंत पाळावा. त्यापुढे डोळा मोजत नाही, त्यामुळे आठ की नऊ यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

आता अवस्था. एकाच जातीची सात फुलं करायची असतील तर दोन कळ्या, दोन अर्धी उमललेली, दोन पूर्ण आणि एक पाकळ्या गळायच्या बेतात आलेलं, अशी वाटणी करा. गुलाबाच्या कळीला पाच-सहा पाकळ्या पुरतात, अर्ध्या फुलाला बारा ते पंधरा, पूर्ण फुलाला वीस-पंचवीस. कळीत पाकळ्या कमी असल्या तरी कागद ताणायचा कमी आणि गुंडाळायचा घट्ट. पूर्ण फुलात बाहेरच्या पाकळ्यांचा मध्य अंगठ्याने खोलगट करून कड मागे वळवायची. क्रेपच्या चुण्या नेहमी पाकळीच्या देठाकडून टोकाकडे धावल्या पाहिजेत. आडव्या चुण्यांवर कापलेली पाकळी रुंदीत ताणलीच जात नाही, आणि खोलगटपणा आणायला गेलं की फाटते. शेवटचं गळायला आलेलं फूल बरेच जण टाळतात, कुरूप दिसेल म्हणून. माझ्या मते रचनेला जिवंतपणा देणारं तेच एक फूल असतं.

मान हा सर्वांत दुर्लक्षित भाग. तारेवर फूल काटकोनात, तोंड थेट आकाशाकडे, अशी दहा फुलं म्हणजे काडीवरच्या गोळ्या. देठाच्या तारेवर हिरवी टेप (मेण लावलेली पट्टी) गुंडाळून झाल्यावर फुलाच्या बुडाखाली 2 ते 3 सेंमीवर तार अंगठ्यावरून हळूच वळवा, 30 ते 45 अंश. पक्कड वापरली तर कोपरा पडतो, आणि देठाला कोपरा कधीच नसतो. जातीप्रमाणे वळण बदलतं: गुलाब मानेशी थोडा झुकतो, ट्यूलिपच्या सबंध देठाला कमान येते, पॉपीची कळी पार खाली लवलेली असते आणि उमलताना सरळ होते. बसवताना मोठ्या तीन फुलांपैकी एकच तुमच्याकडे तोंड करून असावं. एक बाजूला, एक जरा मागे वळलेलं. पाठमोऱ्या फुलाची हिरवी निदलं (पाकळ्यांखालची पानासारखी दलं) नीट केलेली असली पाहिजेत, गुलाबाला पाच. नाहीतर तिथे टेपचा बोळा दिसतो.

तारेच्या गेजचा (जाडीच्या मापाचा) आकडा जितका मोठा तितकी तार बारीक, हे सुरुवातीला गोंधळात टाकतं. मोठ्या फुलाच्या देठाला 18 गेज (सुमारे 1.2 मिमी), मधल्याला 20 ते 22, पाकळीत किंवा पानात घालायला 26 ते 28. 30 सेंमीपेक्षा लांब देठावर जड फूल असेल तर 18 गेजच्या दोन तारा एकत्र टेपने बांधा. टेप ताणल्याशिवाय चिकटत नाही, कारण तिच्यावरचं मेण ताणल्यावरच धरतं. टेप सुटते अशी तक्रार असेल तर बहुतेक वेळा ती सैल गुंडाळलेली असते.

तोलाचे दोन प्रकार असतात आणि कागदात ते एकमेकांपासून सुटतात. ताज्या रचनेत पाण्याचं वजन तळाशी असतं, त्यामुळे खरा तोल सहसा सांभाळला जातो. कागदी रचनेत भांडं हलकं आणि वजन वर. भांड्याच्या तळाशी एक तृतीयांश वाळू किंवा खडे भरा आणि वर कोरडा फोम, म्हणजे तारा खोचायचा स्पंजासारखा ठोकळा, घट्ट बसवा (पाणी शोषणारा ताज्या फुलांचा फोम कोरडा वापरला की भुगा होतो). फोममध्ये एकच सरळ तार खोचली तर झुकलेलं फूल स्वतःभोवती फिरून खाली तोंड करतं. तारेचं टोक 3 सेंमी दुमडून दोन पायांवर खोचा, मग ते फिरत नाही.

दुसरा तोल डोळ्याचा. गडद रंग, भरीव आकार, चकचकीत पृष्ठभाग हे जड वाटतात. फिकट, विरळ, मॅट ते हलके. जड ते खाली आणि मध्याजवळ, हलकं ते वर आणि कडेला. एका बाजूला गडद डालिया असेल तर दुसऱ्या बाजूला तसाच डालिया लागत नाही. मध्यापासून अधिक लांबवर नेलेल्या दोन-तीन हलक्या फांद्या तो तोल सांभाळतात. पांढऱ्याबाबत मात्र सावध राहा. तो हलका असला तरी नजर खेचून घेतो, कागदी पांढरा तर जास्तच, कारण त्यात छटा नसतात.

यातून रंगावर येतो. खऱ्या पाकळीतून थोडा उजेड आरपार जातो, त्यामुळे एकाच फुलात चार-पाच छटा दिसतात. जाड क्रेप, म्हणजे 180 ग्रॅमचा, उजेड अडवतो आणि फूल एकाच रंगाचा ठोकळा होतं. उपाय सोपा आहे: पाकळी जोडण्याआधी बुडाशी गडद आणि कडेला फिकट, किंवा उलट, सुक्या खडूची पूड बोटाने किंवा ब्रशने चोळा. पॉपीसारख्या पातळ पाकळीच्या फुलाला मुळातच पातळ क्रेप घ्या. मेरी डेलानी या इंग्लिश बाईंनी 1772 मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, कागदाचे तुकडे काळ्या पार्श्वभूमीवर चिकटवून फुलं करायला सुरुवात केली. तशी 900 हून अधिक चित्रं आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. ती सपाट आहेत, आपल्या कामाची नाहीत असं वाटेल, पण एका पाकळीसाठी किती वेगवेगळ्या छटांचे तुकडे एकावर एक लागतात ते तिथे स्पष्ट दिसतं.

सबंध रचनेसाठी एक रंग साठ टक्के, दुसरा तीस, आणि उठावाचा दहा, एवढं सुरुवातीला पाळा. छटांचा फरक पुरेसा आहे का ते बघायला रचनेचा काळापांढरा फोटो काढा. सगळं एकाच करड्या रंगात मिसळलं तर रंग कितीही वेगळे असोत, मुख्य फूल उठून दिसणार नाही.

पानांत बहुतेक जण कंटाळा करतात. ताज्या रचनेत हिरवाई सहज एक तृतीयांश असते. कागदीत ती चार पानांवर येते आणि सगळी एका हिरव्यात. निदान तीन हिरव्या छटा घ्या. पानासाठी क्रेपचा तुकडा तिरका कापा, दोन भाग तिरक्या कडांनी असे जोडा की चुण्या मध्यशिरेपासून दोन्हीकडे शिरांसारख्या वर जातील, आणि जोडावर 26 गेजची तार मागून चिकटवा. काही पानांवर पातळ व्हार्निशचा हात द्या, काही तशीच ठेवा. पोताचा विरोध असाच आणावा लागतो, कारण सगळंच एका कागदाचं असतं.

मोकळ्या जागेबाबत दोन्ही कलांत महत्त्वाचा फरक आहे. ताजी रचना उद्यासाठी करतात: लिलीची कळी उमलून 15 सेंमी होणार, म्हणून आज तिथे रिकामी जागा सोडायची. कागदी कळी कळीच राहते. तेव्हा आज दिसतं तेच अंतर कायमचं. फुलं एकाच पातळीवर कडेला कड लावून बसवू नका. शेजारच्या दोन फुलांच्या उंचीत 3 ते 5 सेंमी फरक ठेवा, एक दुसऱ्याच्या थोडं मागे सरकवा. खोलवर एक-दोन गडद लहान फुलं किंवा पानं घातली की सावली तयार होते आणि फोमही झाकला जातो.

ताजी आणि कागदी फुलं एकत्र करायची असतील तर पाणी वेगळं ठेवा. ओला क्रेप रंग सोडतो आणि ताणलेला आकार गमावतो. ताजी फुलं रबरी झाकणाच्या लहान नळ्यांत पाणी भरून बसवा आणि नळ्यांची तोंडं कागदी पाकळ्यांपासून दूर ठेवा. पाणी फवारायचं असेल तर ताजी फुलं बाहेर काढून. जागा थेट उन्हाची नको. तिथे ताजी फुलं लवकर कोमेजतात आणि क्रेपचे लाल-गुलाबी रंग उडतात, उठावाचा दहा टक्के रंग त्यातलाच असेल तर रचनेचा मध्यच पुसट होतो.