बोटाच्या थेंबातून हेपॅटायटिस बी किती कळतो?

प्रश्न : मी ४६ वर्षांचा असून नऊ वर्षांपासून मला हेपॅटायटिस बी आहे. टेनोफोविरची गोळी रोज घेतो. तपासणीसाठी दर सहा महिन्यांनी पुण्याला जावे लागते आणि दोन दिवसांची मजुरी बुडते. बोटाला टोचून घरीच तपासण्याचा संच ऑनलाइन मिळतो. तो वापरल्यास फेरी टळेल का? टोचण्यासाठी आईचे साखर तपासण्याचे पेन घरात आहेच.
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : आपली अडचण खरी आहे; मात्र या संचाने आपली फेरी टळणार नाही. अशा संचातील पट्टी रक्तात विषाणूचे पृष्ठभागावरील प्रथिन आहे की नाही, एवढेच सांगते, आणि ते आहे हे आपल्याला नऊ वर्षांपासून ठाऊक आहे. औषधाने विषाणूंची संख्या अगदी खाली गेली तरी हे प्रथिन बहुतेकांच्या रक्तात वर्षानुवर्षे टिकते, त्यामुळे पट्टी पुन्हा ‘पॉझिटिव्ह’च येईल. रेष फिकट आली म्हणजे आजार उतरला, असा अर्थ काढून कोणी गोळी बंद करेल, याची मला अधिक धास्ती वाटते. गोळी अचानक थांबल्यास विषाणू उसळून यकृताला गंभीर इजा होऊ शकते.

आपल्याला हवी असलेली उत्तरे वेगळी आहेत : विषाणू किती आहेत (व्हायरल लोड), यकृताला सूज आहे का, आणि टेनोफोविरमुळे मूत्रपिंडावर ताण येतो आहे का. शिवाय या आजारात यकृताच्या कर्करोगाचा धोका असल्याने डॉक्टर सोनोग्राफी सांगतात, आणि ती रक्ताच्या थेंबावर होत नाही.

बोटाच्या रक्तावर व्हायरल लोड करताच येत नाही, असे मात्र नाही. जाड गाळणकागदावर थेंब घेऊन, सावलीत काही तास वाळवून, तो प्रयोगशाळेत पाठवण्याची पद्धत आहे. जवळ प्रयोगशाळेची सोय नसेल तेथे तिचा विचार करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. पण कागदावर रक्त अगदी थोडे मावते, म्हणून विषाणू कमी असतील तर ते निसटतात, आणि नियमित औषध घेणाऱ्याच्या रक्तात ते कमीच असतात. त्यामुळे आपल्यासाठी शिरेतून घेतलेले रक्तच अधिक भरवशाचे.

फेरीचा खर्च कमी करण्याचा मार्ग दुसरा आहे. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासण्या आणि औषधे विनामूल्य आहेत. आपल्या जिल्हा रुग्णालयात या कार्यक्रमाची चौकशी करा, आणि रक्त तेथेच देऊन अहवाल पुण्याच्या डॉक्टरांना दाखवता येईल का, हे त्यांनाच विचारा.

घरातल्यांची तपासणी झाली नसेल, तर ती आधी करून घ्या. ज्यांना संसर्ग नाही आणि लसही मिळालेली नाही, अशा प्रौढांना ती साधारणपणे ०, १ आणि ६ महिन्यांनी देतात.

आईच्या पेनाला मात्र हात लावू नका. हा विषाणू वाळलेल्या रक्तात, शरीराबाहेर, किमान सात दिवस जिवंत राहू शकतो, आणि सुई बदलली तरी पेनाच्या टोकाला रक्ताचा अंश राहू शकतो. याआधी ते एकदाही वापरले असेल, तर आईंसाठी नवे पेन घ्या आणि त्यांचीही तपासणी करून घ्या.