डबकॉन : संशयास्पद, संदिग्ध की मिंधी?

प्रश्न : प्रौढांसाठीच्या शृंगारिक फॅनफिक्शनमधल्या (चाहत्यांनी आवडत्या पात्रांवर लिहिलेल्या कथांमधल्या) ‘डबकॉन’ (dubious consent, म्हणजे होकार आहे, पण तो कितपत खरा हे स्पष्ट नाही) या टॅगला ‘संशयास्पद संमती’ म्हटलं तर चालेल का?

माझ्या मते नको. ‘संशयास्पद’ म्हटलं की बोट माणसाकडे जातं : संशयास्पद इसम, संशयास्पद हालचाली. इथे होकार देणाऱ्यावर कुणाचा संशय नसतो. त्याला नाही म्हणायची सोय होती का, हा प्रश्न असतो.

या कथांमध्ये वारंवार येणारं एक कथानक घ्या. तह टिकावा म्हणून हरलेल्या बाजूचा राजपुत्र जिंकलेल्या राजाशी लग्न करतो. पहिल्या रात्री राजा विचारतो, “तुझी हरकत नाही ना?” राजपुत्र होकारार्थी मान हलवतो. बळजबरी म्हणावी, तर राजानं रीतसर विचारलंय. पण नकार दिला तर तह मोडेल, हे दोघांनाही ठाऊक आहे. चांगली लेखिका या खोलीतून लवकर बाहेर पडत नाही. पुढे कधीतरी राजा पुन्हा विचारतो, मात्र आधी सांगतो, “नाही म्हणालास तरी तह राहील.” तेव्हा कुठे राजपुत्राच्या तोंडून ‘नको’ निघतं, आणि त्यानंतरच्या होकाराला काही किंमत येते.

राजपुत्राच्या त्या पहिल्या होकाराला मराठीत नेमका शब्द आहे : मिंधा. ‘भिडेखातर’ही जवळचा, पण भिडेत संकोच असतो; मिंधेपणात वरचा-खालचा हे नातं आपसूक येतं. म्हणून सत्तेच्या दडपणाखालच्या होकाराला मी ‘मिंधी संमती’ म्हणेन.

सगळं डबकॉन मात्र यात बसत नाही. नशेतला होकार, किंवा ओमेगाव्हर्समधल्या (माणसांत अल्फा, ओमेगा असे शरीरभेद कल्पिणाऱ्या फॅनफिक्शन-प्रकारातल्या) कथांत शरीराच्या आवेगानं दोघांचंही भान सुटणं, तिथे कुणी कुणाचं मिंधं नसतं. टॅग म्हणून ‘संदिग्ध संमती’च योग्य.

२००९ साली खुल्या झालेल्या ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ या फॅनफिक्शनच्या संकेतस्थळावर बलात्कार किंवा असंमती हा ठरावीक इशाऱ्यांपैकी एक आहे, डबकॉनचा टॅग लेखक आपणहून जोडतो. ‘पात्राला स्वतःचा होकार खरा वाटत असेलही, मला तो पुरता खरा वाटत नाही,’ असं लेखक वाचकाला आधीच सांगून ठेवतो. मला हे फार मोलाचं वाटतं. ‘मौन म्हणजे संमती’ असं आपण सहज बोलून जातो, तिथे तर अधिकच.

आणि कृपया ‘सहमती’ टाळा. सहमती म्हणजे दोन पक्षांचं एकमत. संमती एकानं दुसऱ्याला द्यायची असते, आणि डबकॉनचा सगळा पेच त्या देण्यातच आहे.