मिक्सन, मिडन आणि डंगहिल : शेणखताच्या ढिगाची इंग्रजी नावे

प्रश्न : थॉमस हार्डी यांच्या ‘फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड’ या कादंबरीत एक पात्र ‘बेटर वेड ओव्हर द मिक्सन दॅन ओव्हर द मूर’, म्हणजे मिक्सनपलीकडचे लग्न माळापलीकडच्या लग्नापेक्षा बरे, असे म्हणते. शब्दकोशात ‘मिक्सन’चा अर्थ ‘शेणखताचा ढीग’ एवढाच दिला आहे. लग्नाचा आणि शेणखताच्या ढिगाचा संबंध काय? मिसळणे या अर्थाच्या ‘मिक्स’वरून हा शब्द आला आहे का? आणि ‘मिडन’ व ‘मिक्सन’ हे एकच समजावेत काय?

उत्तर : ‘मिक्स’शी ‘मिक्सन’चा काहीही संबंध नाही. शेणखताच्या ढिगात शेण, लीद, पेंढा, राख असे सारे मिसळलेले असते, त्यामुळे तसे वाटणे स्वाभाविक असले, तरी हे निव्वळ उच्चारसाम्य आहे. ‘मिक्स’चे मूळ लॅटिनमध्ये आहे आणि तो इंग्रजीत बराच उशिरा रुळला, ‘मिक्सन’ मात्र त्याच्या कित्येक शतके आधीपासून इंग्रजीच्या घरचाच शब्द आहे. जुन्या इंग्रजीत ‘मेओक्स’ म्हणजे शेण, आणि त्यावरून ढिगाचे नाव ‘मिक्सन’. आजच्या जर्मन भाषेत शेणखताला ‘मिस्ट’ म्हणतात, तोही याच कुळातला आहे. धुके या अर्थाच्या इंग्रजी ‘मिस्ट’ची मात्र त्याच्याशी गाठ घालू नये.

हा शब्द किती जुना आहे आणि मुख्य म्हणजे तो कोणत्या भावनेने वापरला जाई, हे बायबलच्या एका वचनावरून चांगले कळते. लूकच्या शुभवर्तमानाच्या १४व्या अध्यायाच्या शेवटी खारटपणा गेलेल्या मिठाविषयी म्हटले आहे की, ते जमिनीच्याही उपयोगाचे नाही आणि खताच्या ढिगाच्याही नाही. लोक ते बाहेर फेकून देतात. इ. स. ९९०च्या सुमारास झालेल्या जुन्या इंग्रजी भाषांतरात या ढिगासाठी ‘मिक्सन’ हाच शब्द आहे, आणि १६११च्या सुप्रसिद्ध भाषांतरात त्या जागी ‘डंगहिल’ आला आहे. वचनाची रचना बारकाईने पाहावी. निरुपयोगी वस्तू ढिगावर टाकली जात नाही, ती ढिगापासूनही दूर फेकली जाते. म्हणजे मिक्सन ही टाकाऊ वस्तूंची जागा नसून, जे जमिनीला परत द्यायचे ते साठवण्याची जागा आहे. हा शब्द वाचताना शहरी वाचकाची गल्लत नेमकी येथे होते, कारण त्याच्या मनात पहिल्यांदा घाण येते, आणि मिक्सनच्या मालकाच्या मनात पुढच्या वर्षीचे पीक येत असे.

कृत्रिम खते येण्यापूर्वी इंग्लंडमधल्या शेतकऱ्याची जमिनीतली बरीचशी ताकद गोठ्यातून निघणाऱ्या या ढिगावरच अवलंबून होती. खंडाने शेत देताना जमीनमालक करारात अनेकदा अशी अट घालीत की, शेतावर तयार झालेले खत त्याच शेतात वापरले पाहिजे, ते बाहेर नेऊन विकता कामा नये. ज्या वस्तूवर करारात अशी अट घालावी लागते तिला कचरा म्हणता येणार नाही. जाता जाता सांगण्याजोगी गोष्ट अशी की, खत या अर्थाचा आजचा सर्वसामान्य इंग्रजी शब्द ‘मॅन्युअर’ हा मुळात खताचा शब्दच नव्हे. ‘हाताने काम करणे’ या अर्थाच्या लॅटिन शब्दांपासून फ्रेंचमार्गे तो आला, आधी त्याचा अर्थ जमीन कसणे असा होता, आणि कसण्याच्या कामात जे घालायचे त्यालाच पुढे ते नाव पडले.

आता म्हणीकडे वळू. थॉमस फुलर यांनी इंग्लंडच्या परगण्यांविषयी लिहिलेल्या आणि १६६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ही म्हण चेशर परगण्याची म्हणून नोंदवली आहे आणि तिचा उलगडाही केला आहे. चांगल्या शेतकऱ्याच्या अंगणात असतो तो खताचा ढीग म्हणजे मिक्सन, आणि चेस्टरहून लंडनकडे जाणारा रस्ता स्टॅफर्डशरच्या ज्या ओसाड माळरानावरून जातो तो मूर. तेव्हा ‘मिक्सनपलीकडचे लग्न मूरपलीकडच्या लग्नापेक्षा बरे’ याचा अर्थ असा की, जोडीदार आपल्या ढिगाच्या पलीकडच्या, म्हणजे शेजारच्याच घरातला, माहितीतला असावा. माळ ओलांडून परमुलखातून आणलेला नसावा. फुलर यांच्या मते यामागे चेशरच्या जमीनदार घराण्यांची आपापसांतच सोयरिकी करण्याची रीत होती. येथे मिक्सन ही अंतराची खूण आहे आणि तिच्यात तुच्छतेचा लवलेशही नाही.

तुच्छता आली ती नंतर, आणि बहुधा गावापेक्षा शहराच्या नजरेतून. हार्डी यांच्याच ‘द मेयर ऑफ कॅस्टरब्रिज’ या १८८६च्या कादंबरीत गावातल्या बदनाम, दरिद्री वस्तीचे नाव ‘मिक्सन लेन’ आहे. गावाने नको म्हटलेली माणसे तिथे साचलेली आहेत. त्याआधी १८५९ मध्ये कवी टेनिसन यांनी आर्थर राजाच्या दंतकथांतील एनिड या नायिकेच्या कथाकाव्यात हा शब्द वापरला. जुनी, विटलेली वस्त्रे नेसून राजवाड्यात जावे लागणार या काळजीने एनिडला स्वप्न पडते. तळ्यातल्या सोनेरी माशांमध्ये ती एक निस्तेज मासा झालेली असते, आणि तो मासा उचलून मिक्सनवर मरायला टाकावा, असे माळ्यांना सांगण्याचा हुकूम होतो. टेनिसन यांना मध्ययुगाचे वातावरण उभे करायचे होते, म्हणून त्यांनी ‘डंगहिल’ टाळून हा जुना शब्द उचलला असावा, असे मला वाटते; शिवाय ‘डंगहिल’ त्या ओळीच्या नादात फार जड झाला असता.

‘मिडन’चे घराणे निराळे आहे. हा शब्द स्कँडिनेव्हियातून आला. जुन्या नॉर्स भाषेतील घाण किंवा शेण आणि ढीग या अर्थांचे दोन शब्द जोडून तो तयार झाला, आणि डॅनिशमध्ये तो आजही ‘म्योडिंग’ या रूपात आहे. उत्तर इंग्लंडमध्ये नवव्या-दहाव्या शतकांत डेन लोक वसले, तिथल्या बोलीत आणि स्कॉटलंडमध्ये ‘मिडन’ रुजला. पश्चिम आणि नैर्ऋत्य परगण्यांत ‘मिक्सन’ टिकून राहिला. तेव्हा वस्तू एकच, पण नावे दोन प्रदेशांची. रॉबर्ट बर्न्स यांच्या १७८५च्या ‘हॅलोईन’ कवितेत धान्याच्या कोठारात उंदराच्या खुडबुडीने घाबरलेली मेग ‘मिडन-होल’मधून धूम ठोकते, म्हणजे ढिगाच्या पायथ्याशी साचलेल्या डबक्यातून. या ओळीत ‘मिक्सन’ घातला, तर ती स्कॉटलंडची उरणारच नाही.

प्रश्न : पुरातत्त्वावरील लेखांत ‘किचन मिडन’ आणि ‘शेल मिडन’ असे शब्द वारंवार येतात. शेतकऱ्याच्या बोलीतला शब्द शास्त्रात कसा पोहोचला?

उत्तर : तो डेन्मार्कमार्गे पोहोचला. तिथल्या किनाऱ्यालगत शिंपल्यांचे मोठमोठे ढिगारे होते आणि ते समुद्राने टाकलेले, म्हणजे जुन्या किनाऱ्याचे अवशेष असावेत, असा समज होता. १८४८ मध्ये भूवैज्ञानिक फोर्कहॅमर, प्राणिशास्त्रज्ञ स्टीनस्ट्रुप आणि पुरातत्त्वज्ञ वोर्सो या तिघांना एकत्र आणणारा एक आयोग नेमण्यात आला. या तपासातून लक्षात आले की, नैसर्गिक थरात लहानमोठे सगळे शिंपले सापडायला हवेत, पण येथे बहुतेक पूर्ण वाढलेले, खाण्याजोगे शिंपलेच होते. त्यांच्या जोडीला फोडलेली हाडे, गारगोटीची हत्यारे आणि कोळसा होता. म्हणजे हे समुद्राचे काम नसून माणसांच्या जेवणाचे उरलेले अवशेष होते. या ढिगाऱ्यांना ‘क्योकेनम्योडिंग’, म्हणजे स्वयंपाकघराचा उकिरडा, हे नाव मिळाले. १८६५ मध्ये जॉन लबक यांनी प्रागैतिहासिक काळावरील आपल्या ग्रंथात या डॅनिश ढिगाऱ्यांना स्वतंत्र प्रकरण दिले. इंग्रजीत ‘मिडन’ हा जुळा शब्द आधीपासून हाताशी असल्यामुळे ‘किचन मिडन’ हे रूप सहज रुळले.

बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो म्हणतात. या उकिरड्यांना काही हजार वर्षे थांबावे लागले, एवढेच. डेन्मार्कच्या जटलंडमधील एर्तेबोले येथील ढिगाऱ्याचे उत्खनन १८९०च्या दशकात झाले, आणि त्या ठिकाणावरून मध्याश्मयुगाच्या अखेरच्या एका संपूर्ण संस्कृतीला नाव मिळाले. जपानमध्ये १८७७ साली एडवर्ड मॉर्स या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञाला आगगाडीच्या खिडकीतून ओमोरी येथील शिंपल्यांचा थर दिसला आणि तिथल्या शास्त्रीय उत्खननाची सुरुवात त्यातून झाली. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवरील स्कारा ब्रे ही नवाश्मयुगीन वस्ती तर १८५०च्या वादळाने उघडी पडली. तिथली दगडी घरे आधीच साठलेल्या, घट्ट झालेल्या उकिरड्याच्या थरात बसवलेली होती, आणि त्या थरामुळे भिंतींना आधार मिळे व आतली ऊबही टिकत असे.

जीवशास्त्रानेही हा शब्द पुढे उसना घेतला. उत्तर अमेरिकेच्या कोरड्या प्रदेशातील पॅकरॅट नावाचे उंदीर काड्या, बिया, हाडे गोळा करतात, आणि त्यांचे मूत्र वाळून सारे काही राळेसारखे घट्ट होते. अशा ‘मिडन’मधील काही ४०,००० वर्षांहूनही जुने आहेत आणि त्यांतील पानांवरून त्या काळच्या वनस्पतींचा नकाशा मांडता येतो. गेंड्यांच्या ठरावीक जागी साठणाऱ्या शेणाच्या ढिगालाही मिडन म्हणतात. येथे शब्द फिरून आपल्या पहिल्या अर्थावर आला आहे.

मराठीत लिहिताना शेतावरच्या ‘मिक्सन’साठी ‘उकिरडा’ किंवा संदर्भ स्पष्ट हवा असल्यास ‘शेणखताचा ढीग’ लिहावे. ‘कचऱ्याचा ढीग’ मात्र लिहू नये. वर सांगितलेल्या कारणाने चेशरची म्हण त्यामुळे हास्यास्पद होईल. ‘शेल मिडन’ला ‘शिंपल्यांचा ढिगारा’ पुरेसे आहे.

प्रश्न : शेक्सपिअरच्या वडिलांना ‘डंगहिल’मुळे दंड झाला होता, असे वाचले. ते खरे आहे का? आणि ‘डंगहिल’ शिवीसारखा का वापरतात?

उत्तर : खरे आहे. एप्रिल १५५२ मध्ये स्ट्रॅटफर्डच्या हेन्ली स्ट्रीटवर परवानगीशिवाय खताचा ढीग केल्याबद्दल जॉन शेक्सपिअर आणि त्यांच्यासोबत आणखी दोघे यांना दंड झाला. जॉन यांच्या वाट्याला एक शिलिंग आला. स्ट्रॅटफर्डमधील त्यांच्या वास्तव्याची ही सर्वांत जुनी नोंद आहे. मूळ कागद लॅटिनमध्ये असून त्यात ‘स्टर्क्विनारियम’ हा शब्द आहे. अपराध खत साठवण्याचा नव्हता, सार्वजनिक रस्त्यावर साठवण्याचा होता.

शिवीचा उगम मुख्यतः कोंबड्यांशी निगडित आहे. ‘आपल्या ढिगावर प्रत्येक कोंबडा शूर’ हा विचार रोमन लेखक सेनेका यांच्या लेखनातही आढळतो, आणि स्कॉटलंडमध्ये त्याच म्हणीत ‘मिडन’ आहे. झुंजीसाठी पोसलेल्या कोंबड्याच्या तुलनेत अंगणात ढीग उकरणारा साधा कोंबडा भित्रा ठरला. म्हणून फ्रान्सिस ग्रोस यांच्या १७८५च्या बाजारू भाषेच्या कोशात ‘डंगहिल’ म्हणजे भ्याड माणूस, आणि ‘टु डाय डंगहिल’ म्हणजे फासावर जाताना धैर्य सोडून पश्चात्ताप दाखवणे. शेक्सपिअरच्या ‘किंग जॉन’मध्ये ‘डंगहिल’ म्हणून हिणवण्यात भ्याडपणापेक्षा हलक्या कुळाचा रोख अधिक आहे.

शहरांसाठी ‘लेस्टॉल’ असा आणखी एक शब्द होता. रात्री उपसलेला मैला आणि रस्त्यावरची लीद गावाबाहेर जिथे टाकत ती ही जागा. लंडनच्या क्लर्कनवेल भागात लेस्टॉल स्ट्रीट आजही आहे, आणि तिच्याजवळच्याच उकिरड्याच्या परिसराला लोकांनी उपरोधाने ‘माउंट प्लेझंट’, म्हणजे रम्य टेकडी, असे नाव दिले. पुढे तिथे मोठे टपाल केंद्र झाले आणि उपरोध विसरला गेला, नाव मात्र राहिले.

प्रश्न : ‘मिडन हीप’ हा प्रयोग बरोबर आहे काय? आणि ‘मिक्सन’ आज वापरता येईल का?

उत्तर : ‘मिडन’मध्येच ढीग आलेला असल्यामुळे ‘मिडन हीप’ ही व्युत्पत्तीच्या दृष्टीने द्विरुक्ती आहे, परंतु बोलीत ती सर्रास चालते आणि तिला चूक म्हणण्यात अर्थ नाही. स्कॉटलंडमध्ये पसारा झालेल्या खोलीलाही ‘मिडन’ म्हणतात, आणि ग्लासगोत त्याचेच ‘मिजी’ हे रूप घरामागच्या कचऱ्याच्या जागेसाठी रूढ झाले. ‘मिक्सन’ आता बोली, जुने साहित्य आणि स्टॅफर्डशरमधील लीकजवळच्या मिक्सन या वस्तीच्या नावापुरता उरला आहे. आजच्या गद्यात तो वाचकाला अडवील. ऐतिहासिक कथेत, तेही पश्चिम इंग्लंडच्या शेतकऱ्याच्या तोंडी, तो शोभेल. यॉर्कशरच्या पात्राला मात्र ‘मिडन’च द्यावा.