रस्किन कुठून सुरू करावा?

प्रिय मित्रा,

जॉन रस्किन हा एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कलासमीक्षक वाचायची इच्छा आहे, पण ३९ खंडांचा संच पाहूनच धीर सुटतो, असं तू लिहिलंस. साहजिक आहे. तो संच कपाटातच असू दे. ‘मॉडर्न पेंटर्स’चे पाच खंडही तूर्त नकोत. इंग्रज निसर्गचित्रकार टर्नरच्या चित्रांची टर उडवणाऱ्यांना उत्तर म्हणून १८४३ साली, चोविसाव्या वर्षी त्याने ते सुरू केले. शेवटचा खंड यायला १८६० उजाडलं. मध्ये ढग, खडक, झाडं, डोंगर सगळं आलं.

तू ‘द स्टोन्स ऑफ व्हेनिस’च्या दुसऱ्या खंडातलं एकच प्रकरण घे: ‘द नेचर ऑफ गॉथिक’. गॉथिक म्हणजे मध्ययुगीन युरोपातली, टोकदार कमानींची बांधकामशैली. चर्चच्या दगडांबद्दल वाचता वाचता मध्येच काचेचे मणी येतात. कारागीर दिवसभर काचेच्या कांड्या तोडत बसलेत, हात सारखे थरथरताहेत, मणी गारांसारखे पडताहेत. त्या कामात डोकं चालवायला जागाच नाही. असे मणी विकत घेणारी तरुणी गुलामांच्या व्यापारात सामील आहे, असं तो बेधडक लिहितो. गॉथिक कोरीवकाम ओबडधोबड असूनही त्याला प्रिय, कारण तिथे पाथरवटाला स्वतःच्या मनाचं काही करायची, अगदी चुकायचीही मुभा होती. माझ्या मते अख्खा रस्किन इथे सापडतो.

पुढे तो अर्थशास्त्रावर बोलू लागला ते यातूनच. ‘अन्टू धिस लास्ट’ १८६० साली ‘कॉर्नहिल’ मासिकात येऊ लागलं, तेव्हा इतका गदारोळ झाला की संपादक थॅकरेने चार लेखांवर मालिका आवरती घेतली. १९०४ मध्ये जोहान्सबर्गहून डर्बनला जाताना गांधीजींनी हेच पुस्तक वाचलं आणि त्यातून डर्बनजवळ सामूहिक श्रमावर चालणारी फिनिक्स वसाहत उभी राहिली. ही गोष्ट आपल्याकडे पुष्कळांना पाठ असते. ते चार लेख वाचलेले मात्र थोडेच.

भक्त मात्र होऊ नकोस. १८५७च्या उठावानंतर काही महिन्यांतच त्याने भारतीय कलेवर व्याख्यान दिलं. ही कला निसर्गाकडे पाठ फिरवते, असं म्हणून त्याने तिचं नातं थेट क्रौर्याशी जोडलं. भारतात त्याने कधी पाऊलही ठेवलं नव्हतं. ते व्याख्यान ‘द टू पाथ्स’मध्ये आहे, राग आला तरी वाच.

आणि सोबतीला ‘द एलिमेंट्स ऑफ ड्रॉइंग’ ठेव. नवशिक्यांना लिहिलेली तीन पत्रं आहेत ती. पहिला धडा एवढाच: एक छोटा चौकोन पेनाच्या बारीक रेघांनी सगळीकडे सारखा राखाडी भरायचा. वाटतो तितका सोपा नाही. करून पाठव.

तुझा,
सर