व्हॉल्व्ह बदलूनही पी ०४०१ परत येतो. आता ईजीआर ब्लँक करून टाकावा का?

आपल्या डिझेल गाडीत चेक इंजिनचा दिवा लागतो, स्कॅनरवर पी ०४०१ हा कोड दिसतो, ईजीआर व्हॉल्व्ह (एक्झॉस्टचा काही गॅस परत इंजिनात सोडणारी झडप) नवीन टाकूनही थोड्याच दिवसांत तोच कोड परत आला आणि आता गॅरेजवाला मध्ये पत्रा टाकून ईजीआर कायमचा बंद करू म्हणतो, तर काय करावे, असे आपण विचारले आहे. पत्रा टाकू नका, एवढे आधीच सांगतो. व्हॉल्व्ह बदलण्यापूर्वी कोणी काही मोजले होते का, हे त्या गॅरेजवाल्याला विचारा. बहुतेक मोजलेले नसणार. भांडुपला माझे स्वतःचे गॅरेज आहे आणि हाच वाद मी माझ्या सख्ख्या भाऊजींशी घातलेला आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

पी ०४०१ या कोडचा अर्थ ‘अपेक्षेपेक्षा कमी एक्झॉस्ट गॅस परत आला’ एवढाच आहे. व्हॉल्व्ह खराब झाला, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. बहुतेक डिझेल गाड्यांत परत येणारा गॅस थेट मोजणारे यंत्रच नसते. एअर फिल्टरच्या पुढे बसवलेला एअर फ्लो सेन्सर ताजी हवा मोजतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, त्यावरून अंदाज बांधतो. व्हॉल्व्ह उघडला की सिलिंडरमधली काही जागा एक्झॉस्ट गॅस घेतो, म्हणून ताजी हवा तेवढी कमी व्हायला हवी. ती कमी झाली नाही तर ईसीयू कोड टाकतो. आता ती कमी न होण्याचे कारण अडकलेला व्हॉल्व्ह असेल, कार्बनने भरलेला मार्ग असेल, हा गॅस थंड करणारा कूलर तुंबलेला असेल, चुकीचे आकडे सांगणारा एअर फ्लो सेन्सर असेल किंवा टर्बोच्या पुढचा फाटलेला होजही असेल, कारण त्या होजमधून निसटणारी हवा सेन्सरने आधीच मोजलेली असते. एवढे संशयित समोर असताना सर्वांत महागड्याला पहिल्यांदा फाशी देण्याची जी पद्धत आपल्याकडे रुळली आहे, तिच्याशी माझे भांडण आहे.

भाऊजींची गाडी बीएस-४ काळातली, १.३ लिटर डिझेल. मुलुंडहून जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने अंधेरीला कामावर जायचे आणि त्याच गर्दीतून परत यायचे, एवढाच तिचा दिनक्रम. दिवा लागला तेव्हा त्यांनी गाडी माझ्याकडे न आणता अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेली, याचे मला वाईट वाटले नाही असे म्हटले तर ते खोटे ठरेल. तिथे कोड वाचला गेला, व्हॉल्व्ह बदलला गेला आणि पाच आकडी बिल हातात पडले. काही आठवड्यांनी दिवा पुन्हा लागला, तेव्हा त्याच काउंटरवर ‘आता ईसीयू बघावा लागेल’ असे सांगण्यात आले. त्या रात्री जेवताना मी म्हणालो, ‘भाऊजी, कोड म्हणजे निकाल नव्हे.’ ते उत्पादन विभागातले इंजिनिअर आहेत. ‘तुझ्या पान्यापेक्षा कंपनीच्या कॉम्प्युटरला जास्त कळतं,’ असे म्हणून त्यांनी विषय संपवला. ताईने मध्ये पडून गाडी रविवारी माझ्याकडे पाठवायला लावली, नाहीतर ईसीयूही बदलला गेला असता.

रविवारी मी आधी एकही नट उघडला नाही. इंजिन पूर्ण गरम होऊ दिले, कारण थंड इंजिनवर ईजीआरची परीक्षा घेण्यात अर्थ नसतो, आणि स्कॅनरवर तीनच आकडे शेजारी-शेजारी लावले: ईसीयूने व्हॉल्व्हला दिलेला आदेश, व्हॉल्व्हची प्रत्यक्ष स्थिती आणि प्रत्येक स्ट्रोकला आत जाणारी हवा. स्कॅनरवरून व्हॉल्व्ह उघड-बंद करून पाहिला, तर स्थितीचा आकडा आदेशामागे अचूक धावत होता. म्हणजे मोटर, पोझिशन सेन्सर आणि वायरिंग यांच्यावरचा संशय तिथेच मिटला. यांपैकी कशात दोष असता तर पी ०४०३ ते पी ०४०६ या घरातले कोड येण्याची शक्यता जास्त होती.

मग हवेचा हिशेब केला. १.३ लिटरचे चार भाग केले की एका सिलिंडरला सुमारे ३१० ते ३२५ घनसेंटिमीटर जागा येते. मुंबईच्या उकाड्यात एक लिटर हवेचे वजन १.१५ ग्रॅमच्या आसपास धरले, तर एका स्ट्रोकला साधारण ३५० मिलिग्रॅम हवा जायला हवी, आणि सिलिंडर पुरता भरत नसल्यामुळे प्रत्यक्षात थोडी कमीच. व्हॉल्व्ह बंद ठेवून आयडलिंगवर आकडा याच्याच जवळपास होता, त्यामुळे एअर फ्लो सेन्सर खरे बोलत असल्याचे कळले. हा हिशेब वहीच्या कोपऱ्यात मावतो, तरीही तो करणारा मेकॅनिक मला क्वचितच भेटतो. सेन्सर मळलेला असता तर आकडा इथेच खोटा पडला असता. त्यानंतर व्हॉल्व्ह पूर्ण उघडायला लावला. हवा चांगली एक-तृतीयांशाने तरी खाली यायला हवी होती, ती जेमतेम वीसेक मिलिग्रॅमने हलली. टर्बोच्या पुढचे, इंटरकूलरचे होज हाताने चाचपून पाहिले, तर ते कोरडे आणि धड होते, जोडावर कुठे तेलाचा ओघळ नव्हता. व्हॉल्व्ह उघडतो, पण गॅस येत नाही, म्हणजे वाट बंद आहे, हे इंजिन न खोलता सिद्ध झाले होते.

एवढे झाल्यावरच पाना हातात घेतला. नवा व्हॉल्व्ह काढला, तो अजून बराचसा स्वच्छ होता. त्याच्या पुढचे मॅनिफोल्डचे, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीचे, तोंड मात्र ओल्या डांबरासारख्या कार्बनने आतून लिंपलेले होते आणि मधोमध जेमतेम शिसपेन्सिल जाईल एवढेच भोक उरले होते. भाऊजी शेजारी उभे होते. त्यांनी वाकून बोट आत घातले, ते काळे झालेले बोट बराच वेळ रुमालाला पुसले आणि म्हणाले, ‘पण व्हॉल्व्ह तर नवीन आहे ना?’ मॅनिफोल्ड काढून द्रावणात भिजवला, खरवडून साफ केला, नवी गॅस्केटे टाकली आणि स्कॅनरवरून व्हॉल्व्हची मूळ स्थिती ईसीयूला पुन्हा शिकवली. त्यानंतर व्हॉल्व्ह उघडताच हवेचा आकडा २२०च्या आसपास उतरला. तो कोड पुढे आला नाही. भाऊजी मात्र आजही नातेवाइकांना सांगतात की नवीन व्हॉल्व्ह सेट व्हायला थोडा वेळ लागला.

कार्बन का साचतो, याचे उत्तर आपल्या रस्त्यांत आहे. ईजीआर कमी आणि मध्यम लोडवर जास्त उघडा असतो. पवईच्या सिग्नलांना दुसऱ्या गिअरमध्ये सरकणारी गाडी दिवसभर नेमकी तिथेच असते. एक्झॉस्टमधली काजळी आणि क्रँककेसच्या (इंजिनच्या खालच्या, तेलाच्या भागाच्या) श्वासनळीतून येणारी तेलाची वाफ मॅनिफोल्डमध्ये एकत्र आली की हा लगदा तयार होतो. इंजिन तेल जास्त पीत असेल किंवा इंजेक्टर नीट फवारत नसतील तर तो लवकर साचतो, त्यामुळे केवळ सफाई करून ही दोन कारणे तशीच सोडली तर वाट पुन्हा बंद होणारच.

आता पत्र्याविषयी. भाऊजींच्या एका सहकाऱ्याने ईजीआर ब्लँक केला आणि त्याच्या गाडीचा पिकअप वाढला, हा दाखला मला कित्येक गणपतींत ऐकवला गेला आहे. पूर्ण रेस दिली की धड असलेला व्हॉल्व्ह ईसीयू स्वतःच बंद करतो. जो त्या क्षणी आधीच बंद आहे, त्यावर पत्रा ठोकून ताकद वाढत नाही. पिकअप खरोखर वाढला असेल, तर तो व्हॉल्व्ह उघडा अडकलेला होता किंवा बंद असतानाही गळत होता, एवढाच निष्कर्ष निघतो. काळा धूर, दबलेली गाडी आणि पी ०४०२ ही त्या दुखण्याची लक्षणे होत. शिवाय आपल्याला आत्ता जो कोड छळतो आहे, तो पत्रा टाकल्यावर जाणार नाही, उलट पक्का होईल, कारण गॅस अजिबातच येणार नाही. मग तो लपवण्यासाठी ईसीयूचे सॉफ्टवेअर बदलायला सांगतील आणि गाडी दुरुस्त होण्याऐवजी तिचे तोंड बंद केले जाईल.

‘पीयूसी तर पास होते,’ हा त्यापुढचा युक्तिवाद. होणारच. डिझेल गाडीच्या पीयूसीत धुराचा दाटपणा तपासतात, नायट्रोजनचे ऑक्साइड मोजतच नाहीत, आणि ईजीआर आहे तो ते कमी करण्यासाठीच. डिझेल कारला त्यांची मर्यादा बीएस-४मध्ये किलोमीटरला ०.२५ ग्रॅम होती, ती बीएस-६मध्ये ०.०८ ग्रॅमवर आली. मोटार वाहन अधिनियमाचे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलात असे फेरफार करायला मनाई करते. पण कायदा बाजूला ठेवला तरी सायनच्या सिग्नलला ती हवा आपल्याच मागच्या सीटवरचे मूल घेते, हे मी भाऊजींना सुनावले आहे आणि त्यावर त्यांनी आजवर उत्तर दिलेले नाही.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. वरची सर्व पद्धत इलेक्ट्रिक व्हॉल्व्हची आहे. आपला व्हॉल्व्ह व्हॅक्यूमवर चालणारा असेल तर आधी बारीक रबरी नळ्या तपासा. सोसायटीच्या आवारात उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या नळ्या उंदीर कुरतडतात आणि बिल व्हॉल्व्हचे लागते. हाताच्या व्हॅक्यूम पंपाने व्हॉल्व्ह खेचून ठेवला असता काटा खाली येता कामा नये. गाडी पावसाळ्यात पाण्यातून गेली असेल तर कनेक्टर सोडवून पिनांवर हिरवा गंज आहे का, ते पाहा. कुलंट कुठेही न गळता कमी होत असेल आणि पांढरा धूर येत असेल, तर कूलर आतून फुटल्याची शंका घ्या आणि गाडी तशीच पळवू नका. चालू डिझेल इंजिनच्या हवेच्या नळीत क्लीनरचे फवारे मारणारे कोणी भेटले तर नम्रपणे गाडी परत घ्या. पेट्रोल गाडीत पुष्कळदा मॅनिफोल्डच्या दाबावरून प्रवाह ओळखतात, तिथे माझा हवेचा हिशेब जसाच्या तसा लागू पडणार नाही. बीएस-६ डिझेलमध्ये काही ठिकाणी गॅस डीपीएफच्या (काजळी अडवणाऱ्या फिल्टरच्या) पुढून घेतात. तिथे काजळी कमी असते आणि संशयितांची यादीही वेगळी होते.

आपण गाडीचे मॉडेल व इंजिनची क्षमता लिहिलेली नाही. ती लिहा, आणि शक्य असेल तर गरम इंजिनच्या आयडलिंगवर व्हॉल्व्ह बंद असतानाचा आणि उघडा असतानाचा असे हवेचे दोन आकडे स्कॅनरवरून टिपून कळवा. मार्ग तुंबला आहे की सेन्सर खोटे बोलतो, हे त्यावरून सांगता येईल. जुना व्हॉल्व्ह गॅरेजवाल्याकडेच राहिला असेल तर तो आजच मागून घ्या. बहुधा तो चांगलाच असेल.