नदीवर काँक्रीटची कमान बांधताना, मधे जुळेपर्यंत ती पडत कशी नाही?

जुळली की कमान स्वतःचं वजन स्वतः पेलते. तोवर ती नुसतं ओझं असते. त्यामुळे पद्धती कितीही असोत, प्रश्न एकच: जुळेपर्यंत तिला धरायचं कुणी?

जुनं उत्तर सेंटरिंग, म्हणजे कमानीखाली उभा केलेला टेकू-फळ्यांचा तात्पुरता साचा. मी नाशकात पुलांच्या साइटवर सुपरवायझर होतो. सुरुवातीला एका ओढ्यावरच्या लहान कमानीत आम्ही दोन्ही बुडांकडून भराभर माल ओतत वर आलो, आणि माथ्यावरच्या फळ्या दोन बोटं उचलल्या गेल्या. बाजू दाबल्या की मधलं वर येणारच! काम थांबवून माथ्यावर वाळूची पोती रचली, तेव्हा कुठे त्या खाली बसल्या. मोठ्या कमानीत म्हणूनच सलग ओतत नाहीत. दोन्हीकडे सारखे तुकडे ओततात, मधे फटी ठेवतात, सेंटरिंग बसायचं तेवढं बसलं की त्या भरतात.

सेंटरिंग सोडणं तर त्याहून नाजूक. टेकूंखालच्या पाचरी माथ्यापासून सुरू करून दोन्हीकडे सारख्या, थोड्या थोड्या सैल करायच्या. पूर्वी टेकू वाळूच्या डब्यांवरही उभे करत. बूच काढलं की वाळू गळते आणि कमान अलगद स्वतःवर येते. सिडनीच्या ३०५ मीटरच्या ग्लेड्सव्हिल पुलात (१९६४) कमानीतच जॅक बसवून ती सेंटरिंगवरून उचलली, मग तेच सेंटरिंग बाजूला सरकवून शेजारची कमान बांधली.

यात जोखीम मोठी. स्वीडनच्या सांडो पुलाचं लाकडी सेंटरिंग ३१ ऑगस्ट १९३९ ला कोसळलं, १८ माणसं गेली. दुसऱ्याच दिवशी महायुद्ध पेटलं, त्यात ती बातमी बुडाली. आपल्या गोदावरीत तर दिवाळीनंतर उभं केलेलं सेंटरिंग मृगाआधी निघालंच पाहिजे. पाणी नाशकात पात्रातच उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं की पात्रातला टेकू कसला राहतो!

दरी खोल असेल तर टेकू नकोच. दोन्ही काठांवर तात्पुरते मनोरे उभारायचे, कमानीचा एकेक तुकडा ओतून तारांनी मागे खडकाला बांधत मधे यायचं. हूवर धरणाजवळचा ३२३ मीटरचा पूल (२०१०) असाच झाला.

मला सर्वात आवडते ती तिसरी पद्धत. यांगत्सेवरच्या वानश्येन पुलाला (१९९७, ४२० मीटर) आधी पोलादी नळ्यांचा सांगाडा जुळवला, नळ्यांत काँक्रीट भरलं, मग भोवती थराथराने ओतलं. सांगाडा आतच राहतो, काढायचं काही नसतं. पहिला थर घट्ट झाला की पुढच्या थराचं ओझं तोही उचलतो.